छोट्या घरासाठी हीटर: आधी युनिटचा हिशोब, मग दुकान

डिसेंबरात निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावरचा पारा घसरल्याची बातमी छापून आली की नाशिकपासून नागपूरपर्यंत इलेक्ट्रिकच्या दुकानांत रूम हीटरचे खोके दर्शनी भागात येतात. गिऱ्हाईक घाईत असते. घरी गुडघे धरून बसलेली आई असते, नाहीतर बाळंतपणाला आलेली लेक. दुकानदार विचारतो, ‘कितीपर्यंतचा दाखवू?’ आणि खरेदी किमतीवरूनच सुरू होते. एका-दोन खोल्यांच्या घरासाठी हीटर घेताना हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी ठरवायच्या त्या तीन गोष्टी: ऊब कोणाला हवी, किती तास हवी आणि घरातला प्लग किती भार सोसतो.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या वाचकांनी हे पान उलटले तरी चालेल. तिकडे हीटर म्हणजे वर्षभर माळ्यावर ठेवायची वस्तू. खानदेश, नाशिक, विदर्भ, मराठवाड्याचा बराच भाग, पुणे-साताऱ्याकडची डोंगराळ गावे आणि शिकायला किंवा नोकरीला दिल्लीकडे गेलेली आपली मुले, यांच्यासाठी मात्र ही खरेदी गंभीरपणे करण्याची आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. तारेत किंवा कांडीत वीज सोडून तापवणारा कोणताही हीटर, मग तो हजार रुपयांचा असो की बारा हजारांचा, घेतलेल्या विजेची जवळजवळ सगळीच उष्णता करतो. 1000 वॉटचा स्वस्त ब्लोअर आणि 1000 वॉटवर लावलेला महागडा ऑइल हीटर तासाभरात खोलीत सारखीच उष्णता सोडतात आणि दोघेही एकच युनिट खातात. त्यामुळे ‘हा वीज कमी खातो’ असे कोणी म्हणाले तर त्याचा अर्थ एवढाच की तो उष्णताही कमी देतो, किंवा त्यात खोली तापल्यावर आपोआप बंद होणारा थर्मोस्टॅट आहे. बचतीच्या नावाखाली चार-पाच हजार रुपये जास्त मोजायला लावणारी विक्री इथेच थांबते. जास्त पैसे द्यायला इतर कारणे असू शकतात. सुरक्षितता, आवाज, रात्रभर वापरण्याची सोय. वीजबचत हे कारण नव्हे.

याला एकच अपवाद आहे: गरम आणि थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो. म्हणून एका युनिटात तो साधारण तीन युनिटांएवढी ऊब देऊ शकतो. हीटरऐवजी तो घ्या असे मी म्हणणार नाही, कारण किंमत चाळीस हजारांच्या आसपास जाते. पण नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचा ठरलाच असेल, तर थोडे जास्त देऊन ‘हॉट अँड कोल्ड’ घेतलेला बरा. मग वेगळ्या हीटरची गरजच उरत नाही.

आता युनिटचा हिशोब. 1000 वॉट एक तास चालले की एक युनिट. दोन कांड्यांचा 800 वॉटचा हीटर रोज चार तास लावला तर 3.2 युनिट, महिन्याला 96 युनिट. 2000 वॉटचा ब्लोअर तेवढाच वेळ पूर्ण वेगाने चालवला तर महिन्याला 240 युनिट. सगळे आकार धरून युनिटला 12 रुपये पडतात असे मानले, तर पहिल्याचा खर्च साडेअकराशेच्या आसपास आणि दुसऱ्याचा 2,880 रुपये. म्हणजे पंधराशेचा हीटर पहिल्याच महिन्यात स्वतःच्या किमतीच्या जवळपास दुप्पट वीज खाऊ शकतो.

12 रुपये हा फक्त उदाहरणाचा दर. तुमचा दर तुमच्या बिलावरून काढा, आणि तो काढताना एक बारकावा लक्षात ठेवा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे असतात: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, पुढे 301 ते 500 आणि त्याच्यावर आणखी एक. एकूण रकमेला युनिटांनी भागून आलेली सरासरी हीटरला लावून चालत नाही, कारण हीटरची युनिटे तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर जाऊन बसतात आणि त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. महिन्याला 90 युनिट वापरणाऱ्या घरात हीटरची 96 युनिटे वाढली, तर त्यातली दहाच खालच्या दरात मिळतात. उरलेली 86 महागड्या टप्प्यात पडतात. त्या टप्प्याचा वीज आकार आणि वहन आकार एकत्र करा, इंधन समायोजन आकार असेल तर तो मिळवा आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क चढवा. तो तुमच्या हीटरचा खरा दर. उलट बाजूची एक भीतीही काढून टाका. वरच्या टप्प्यात गेल्यावर आधीची 100 युनिटेही महाग होतात, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. ती जुन्याच दराने लागतात.

खोलीला किती वॉट लागतात? दर चौरस फुटाला 10 वॉट हा ढोबळ ठोकताळा आपल्याकडच्या थंडीला पुरून उरतो. दहा बाय दहाच्या खोलीला 1000 वॉट झाले. पण हे वॉट जातात कुठे ते बघण्यासारखे आहे. दहा फूट उंचीच्या अशा खोलीत हवा भरते साधारण 34 किलो. ती 10 अंशांनी तापवायला जेमतेम एक दशांश युनिट पुरते, म्हणजे 1000 वॉटच्या हीटरचे सहा मिनिटांचे काम. तरीही तासाभराने खोली गारच वाटते, कारण ती उष्णता भिंती, स्लॅब आणि फरशी पिऊन टाकतात, आणि उरलेली दाराखालच्या फटीतून निघून जाते. वरच्या मजल्यावरच्या उघड्या स्लॅबखालची खोली आणि मधल्या मजल्यावरची खोली यांना एकच हीटर सारखा पुरत नाही तो यामुळेच. पत्र्याच्या छपराखाली तर हवा तापवण्याचा प्रयत्नच सोडून द्यावा. गरम हवा वर जाते आणि पत्रा ती बाहेर टाकतो.

म्हणून हीटरच्या आधी दाराखाली जुना टॉवेल गुंडाळून लावा, खिडकीला जाड पडदा लावा, शहाबादी किंवा कोटा फरशीवर सतरंजी किंवा चटई अंथरा. हा खर्च शे-दोनशेचा असतो आणि त्याने 2000 ऐवजी 1000 वॉटवर भागते. भिंतीवर एक साधे तापमापक टांगा. जागतिक आरोग्य संघटनेने थंडीत घरातले तापमान 18 अंशांच्या खाली जाऊ नये असे सुचवले आहे. 18 ते 20 पर्यंत आणले की मोठ्या माणसांना स्वेटर आणि गोधडीसह पुरते. 26 अंशांवर खोली नेऊन बनियनवर बसायचे असेल तर तो शौक आहे, आणि त्याचे बिल शौकाचेच येणार.

हीटर खोली तापवणारे असतात, तसे माणूस तापवणारेही असतात, आणि छोट्या घरात दुसऱ्या प्रकाराचा विचार आधी करावा. क्वार्ट्झ आणि हॅलोजन हीटरची लाल-पिवळी कांडी समोर बसलेल्याच्या अंगावर उन्हासारखी थेट ऊब टाकते. मधली हवा तापायची वाट बघावी लागत नाही. आजोबा संध्याकाळी एकाच खुर्चीत बसून दोन तास बातम्या बघत असतील, शिलाई मशिनवर कोणी काम करत असेल, पत्र्याच्या खोलीत पोर अभ्यासाला बसले असेल, तर 400 वॉटची एक कांडीही बऱ्याचदा पुरते. दोन कांड्यांचा क्वार्ट्झ हीटर हजार-पंधराशेत येतो. त्याची कांडी गेली तर ती गावातल्या इलेक्ट्रिक दुकानात मिळते आणि वायरमन ती बसवून देतो. गरिबाच्या घरात ही दुरुस्तीची सोय मला फार मोठी वाटते. हॅलोजनचा उजेड झोपताना डोळ्यांवर येतो, ही त्याची अडचण. आणि या दोन्ही प्रकारांना बहुधा थर्मोस्टॅट नसतो, जाळी भयंकर तापते, म्हणून रात्री लावून झोपण्याची ही वस्तू नव्हे. रांगते मूल असलेल्या घरात तर हा प्रकार आणूच नका.

ब्लोअर, म्हणजे पंखा असलेला हीटर, साधारण हजार ते अडीच हजारांत मिळतो. बंद खोली तो सगळ्यांत लवकर गरम करतो. सकाळी बाळाला तेल लावायच्या आधी पंधरा मिनिटे लावायचा आणि मालीश सुरू करताना बंद करायचा, असल्या कामाला त्याच्यासारखा दुसरा नाही. घरघर करतो, धूळ उडवतो, आणि समोर बसणाऱ्याचे ओठ-डोळे कोरडे करतो. घ्यायचा तर 1000 आणि 2000 अशी दोन बटणे असलेलाच घ्या आणि खोली तापली की 1000 वर आणा. याच कुळातला, थोडा महाग प्रकार म्हणजे पीटीसी सिरॅमिक. त्याचा तापणारा भाग एका मर्यादेपलीकडे गेला की स्वतःच कमी वीज ओढू लागतो, तार लाल होत नाही. दोन ते चार हजारांत चांगला पीटीसी येतो. घरात लहान मुले असतील तर वरचे हजार-दोन हजार इथे खर्च करावेत.

ऑइल हीटरचे कौतुक फार होते, म्हणून थोडे सविस्तर. पंख्यांच्या पात्यांसारख्या उभ्या पत्र्यांच्या आत तेल भरलेले असते. ते जळत नाही, बदलावे लागत नाही. फक्त तापून फिरत राहते. आवाज नाही, उजेड नाही, आणि बंद केल्यावरही काही वेळ ऊब राहते. पण त्याला स्वतःलाच गरम व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तासाभरासाठी ऊब हवी असेल तर तो तापेपर्यंत तुमचे काम संपलेले असते. वजन दहा किलोच्या आसपास, किंमत सात हजारांपासून वर, आणि जागा अडवतो ती वेगळीच. वन आरकेमध्ये अंथरूण घातल्यावर त्याला तीन फूट मोकळी जागा मिळेल का, हे आधी टेपने मोजा. तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल आणि ऊब रात्रभर हवी असेल, तरच ऑइल हीटरचा विचार करा. तेव्हाही 9 पत्र्यांचा लहानात लहान घ्या. 13 पत्र्यांचा मोठ्या दिवाणखान्यांसाठी असतो.

एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी मात्र हीटरपेक्षा बरा पर्याय आहे: विजेची चादर. एका पलंगाची चादर साधारण 60 ते 100 वॉट घेते. आठ तास चालली तरी एक युनिटही होत नाही. अंथरुणात शिरायच्या अर्धा तास आधी लावायची आणि झोपताना बंद करायची, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. ती घडी घालून वापरू नये, ओली होऊ देऊ नये, आणि लहान बाळांना अजिबात वापरू नये. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांच्या बाबतीत चादर आणि शेकायची पिशवी दोन्हींपासून सावध राहा. त्यांना चटका बसलेला कळत नाही आणि जखम होऊन बसते.

आता प्लगकडे या, कारण हीटरमुळे लागणाऱ्या आगी बऱ्याचदा हीटरमध्ये लागत नाहीत, त्या प्लग आणि वायरमध्ये लागतात. घरातले साधे सॉकेट 6 अँपिअरचे असते आणि गिझर-फ्रिजसाठीचे जाड पिनांचे 16 अँपिअरचे. जुने वायरमन यांनाच पाच आणि पंधरा म्हणतात. 230 व्होल्टला 2000 वॉटचा हीटर 8.7 अँपिअर ओढतो. तो साध्या सॉकेटवर चालवायचा नाही. जाड पिनेला बारीक करणारा ‘कन्व्हर्जन प्लग’ वीस-तीस रुपयांत मिळतो. हीटरसाठी त्याच्याइतकी धोक्याची वस्तू बाजारात दुसरी नसेल. मोबाइल-टीव्हीसाठीचा एक्स्टेंशन बोर्डही चालणार नाही. 800 वॉटचा हीटर साडेतीन अँपिअरच घेतो, म्हणून भाड्याच्या खोलीत, जिथे पॉवर पॉइंट एकच असतो आणि तोही बाथरूममध्ये, तिथे लहान क्वार्ट्झच योग्य. मोठा हीटर घ्यायचा ठरला तर आधी वायरमनला बोलावून 16 अँपिअरचा पॉइंट, त्याला साजेशी तांब्याची वायर, एमसीबी आणि अर्थिंग बघून घ्या. जुन्या वाड्यांत तिसऱ्या भोकात वायरच जोडलेली नसते. तापणाऱ्या धातूच्या डब्याला अर्थिंग नसणे म्हणजे सरळ शॉकला आमंत्रण. एकाच सर्किटवर गिझर आणि हीटर एकदम लावू नका. पहिल्या दिवशी अर्धा तास चालवून बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक; चटका बसला तर सॉकेट ढिले आहे, ते बदला.

खेड्यातल्या वाचकांसाठी आणखी एक. संध्याकाळी गावठाण फीडरवर व्होल्टेज पडते. 230 चे 180 झाले तर 1000 वॉटचा हीटर जेमतेम 610 वॉटच देतो, कारण व्होल्टेज घटले की उष्णता वर्गाच्या प्रमाणात घटते. हीटर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी हे तपासा. मीटरही तेवढेच कमी फिरते, त्यामुळे तोटा होत नाही. फक्त तुमच्याकडे नेहमी असेच होत असेल तर एक पायरी मोठा हीटर घ्या. घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर मात्र कोणताही रूम हीटर लावू नका.

ऑनलाइन जाहिरातींत सध्या भिंतीच्या सॉकेटला थेट लटकणारे चिमुकले हीटर दिसतात; काही मिनिटांत सगळी खोली गरम, असा दावा असतो. तो असतो बहुधा 400 वॉटचा. 400 वॉटमध्ये 400 वॉटचीच ऊब मिळते, क्वार्ट्झच्या एका कांडीइतकी, आणि त्याच्या वजनाने सॉकेट ढिले होते ते वेगळे. वसतिगृहातली मुले कॉइलची शेगडी खोली तापवायला वापरतात. तिच्या उघड्या तारेत वीज असते. पालकांनी याची चौकशी जरूर करावी.

हीटर ऑक्सिजन खातो, असे अनेक जण ठामपणे सांगतात. विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन कमी होण्याचा प्रश्न येत नाही. पहिल्या दिवशी येणारा वास कांडीवरच्या धुळीचा असतो. हवा कोरडी होते ही तक्रार मात्र खरी आहे. 10 अंशांना 70 टक्के आर्द्रता असलेली हवा 20 अंशांवर नेली की तीच आर्द्रता 37 टक्क्यांवर येते, मग हीटर कोणताही असो. घसा सुकत असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ओला पंचा वाळत घाला. हीटरवर किंवा त्याच्या शेजारी पाण्याचे पातेले ठेवू नका. ऑक्सिजनच्या भीतीने हीटर न घेता बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणारे लोक अजून आहेत. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. शेगडी अंगणात ठेवा, ओसरीवर ठेवा, पण दार लावून घरात कधीच नको.

घरी आणल्यावर हीटरपासून अंथरूण, पडदे आणि मच्छरदाणी किमान तीन फूट लांब हवीत. आपल्या घरांत मच्छरदाणी विसरली जाते. वाऱ्याने तिचा पदर उडून जाळीवर पडायला वेळ लागत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीखाली हीटर ठेवू नये, आणि त्याच्यावर लंगोट वाळवू नयेत. बाथरूममध्ये तर नेऊच नये. ऑइल हीटर आडवा ठेवू नका.

खरेदीला गेलात की खोक्यावर नाही, हीटरवर आयएसआयची खूण शोधा. रूम हीटरच्या सुरक्षिततेचे मानक आहे आयएस 302, भाग 2, विभाग 30. खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते दुकानातच कळते. मग दुकानदाराला हीटर लावून दाखवायला सांगा. हळूच कलवा, कलताच तो बंद व्हायला हवा. थर्मोस्टॅट असेल तर त्याची खुंटी फिरवून ‘टक्’ असा आवाज येऊन हीटर बंद-चालू होतो का ते ऐका. वायर जाड आहे का, पिना तीन आहेत का, ते बघा. यातली एकही गोष्ट करू देत नसेल तर दुसरे दुकान बघा.

माझे मत विचाराल तर दोन खोल्यांच्या बहुतेक घरांना 800 वॉटचा, कलताच बंद होणारा क्वार्ट्झ हीटर पुरतो. लहान मुले असतील तर थर्मोस्टॅटवाला पीटीसी घ्या. बारा हजारांचा हीटर घ्यावा असे घर मला तरी क्वचितच दिसते. जे घ्याल त्याचे पक्के बिल घ्या आणि वॉरंटी कार्डावर तारखेसह शिक्का मारून घ्या.